दिलेलं परत घेता येत नाही

स्वादुपिंडाची ओळख करून देताना बहुतेक जण ‘इन्शुलिन तयार करणारी ग्रंथी’ एवढं सांगून पुढे जातात. ते खोटं नाही, पण माझ्या मते त्यात या ग्रंथीचं निम्मंच कौतुक होतं. इन्शुलिन बनवणं आज कारखान्यातल्या टाक्यांत वाढवलेल्या जिवाणूंनाही जमतं. औषधाला अजून जमलेलं नाही ते वेळेवर हात आखडता घेणं. जेवणानंतर साखर वाढली की इन्शुलिन सोडायचं, ती उतरायला लागली की काही मिनिटांत थांबायचं, आणि तोवर आधी सोडलेलंही संपत आलेलं असायचं, ही या ग्रंथीची खरी कारागिरी. सुईतून दिलेलं इन्शुलिन असं परत घेता येत नाही. या ग्रंथीच्या हॉर्मोनांवर गेल्या शंभर वर्षांत जे उपचार उभे राहिले, त्यांच्या बहुतेक अडचणी शेवटी इथेच येऊन टेकतात.

जठराच्या मागे आडवी पडलेली ही ग्रंथी साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि ७० ते १०० ग्रॅम वजनाची. तिचा जवळजवळ सगळा पसारा पाचकरस बनवण्यात गुंतलेला असतो. हॉर्मोन बनवणारी पेशींची बेटं वजनाने जेमतेम एक-दोन टक्के, पण संख्येने दहा लाखांच्या घरात. पॉल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये बर्लिनला प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. ती कशासाठी आहेत, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबुर्गला कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, त्याला मधुमेह झाला, आणि साखरेचा धागा या ग्रंथीशी जुळला.

बेटातल्या बीटा पेशी इन्शुलिन आणि त्याच्या सोबतीने अमिलिन सोडतात, अल्फा पेशी साखर चढवणारं ग्लुकागॉन, डेल्टा पेशी या दोघांनाही आवरणारं सोमॅटोस्टॅटिन. पीपी पेशींचंही स्वतःचं एक हॉर्मोन आहे, पण उपचारात त्याला अजून जागा मिळालेली नाही, म्हणून ते इथेच सोडतो. या सगळ्या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात आणि शेजारणीने काय सोडलं, यावर आपलं प्रमाण ठरवतात. अल्फा पेशीला आवरणाऱ्यांत शेजारचं इन्शुलिन असतं, शेजारचं सोमॅटोस्टॅटिनही असतं. हा शेजार मोडला की काय होतं, ते पुढे येईल.

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण ३० ते ५० युनिट इन्शुलिन तयार होतं. ते संथ धारेत येत नाही, दर पाचेक मिनिटांनी लहान लहान लाटांनी येतं. रक्तात उतरलेल्या इन्शुलिनचा निम्मा अंश चार ते सहा मिनिटांत नाहीसा होतो. शिवाय ते आधी जातं ते थेट यकृताकडे, आणि जवळपास निम्मं यकृतच ठेवून घेतं. उरलेलं मग स्नायूंना आणि चरबीला मिळतं. कातडीखाली टोचलेलं इन्शुलिन हा क्रम उलटा करतं. ते आधी सगळ्या शरीरात फिरतं आणि यकृताला वाट्याचंच पोचतं. यकृतातून बाहेर पडणारी साखर आटोक्यात ठेवायची तर स्नायूंना गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन द्यावं लागतं. वजन वाढणं आणि साखर खाली घसरणं या दोन्ही तक्रारींना या चुकीच्या दारातून आत येण्याचा हातभार असतो.

घसरण्याची भीती तर या औषधाच्या जन्मापासूनची. टोरांटोला १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढला. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत हे काम चाललं होतं. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, तेव्हा साखर थोडी उतरली, पण अर्क इतका गढूळ होता की टोचल्या जागी गळू झालं आणि उपचार थांबवावे लागले. त्याच चमूतल्या कॉलिप या जैवरसायनतज्ज्ञाने त्यावर तोड काढली. अल्कोहोलचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं की बरीचशी घाण आधी खाली बसते, आणि नव्वद टक्क्यांच्या थोडं वर गेल्यावर इन्शुलिन स्वतः खाली बसतं. तेवढा साका वेगळा काढायचा. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आणि या वेळी मुलगा सावरला. औषध मोजायचं कसं, हा पुढचा प्रश्न. युनिट आधी ठरलं ते सशावर. उपाशी सशाची साखर झटके येण्याच्या पातळीपर्यंत उतरवणारं प्रमाण म्हणजे एक युनिट. पुढे व्याख्या बदलत गेली आणि आज एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम, पण या औषधाचं पहिलं मापच त्याच्या धोक्यावरून घेतलं गेलं, हे मला फार बोलकं वाटतं.

त्यानंतरची बरीचशी मेहनत झाली ती इन्शुलिनच्या वेगावर. इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात, ए साखळीत २१ आणि बी साखळीत ३०. फ्रेडरिक सँगर यांनी त्यांचा क्रम लावला आणि त्यांना १९५८ चं नोबेल मिळालं. बाटलीत हे रेणू सुटे नसतात. जस्ताच्या दोन अणूंभोवती सहा-सहांचे गट करून बसलेले असतात. कातडीखाली गेल्यावर गट फुटून दोन-दोन, मग एकेक रेणू सुटा होईपर्यंत ते केशवाहिनीत शिरू शकत नाहीत. साध्या, म्हणजे रेग्युलर इन्शुलिनला जेवणाच्या अर्धा तास आधी टोचावं लागतं ते यामुळे. ते चढतं दोन ते चार तासांनी आणि उतरतं सहा ते आठ तासांनी, तोवर जेवणाची साखर कधीच ओसरलेली असते.

मग गट लवकर फुटावेत म्हणून साखळीत फेरफार सुरू झाले. १९९६ मध्ये आलेल्या लिस्प्रोत बी साखळीतलं २८ आणि २९ नंबरचं अमिनो आम्ल, प्रोलिन आणि लायसिन, यांची फक्त अदलाबदल केली आहे. अ‍ॅस्पार्टमध्ये २८ नंबरच्या प्रोलिनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल. एवढ्याने रेणूंची एकमेकांवरची पकड सुटते आणि काम १०-१५ मिनिटांत सुरू होतं. उलट दिशेनेही खटपट झाली. हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये इन्शुलिनला प्रोटामिन या प्रथिनाची जोड देऊन ते रेंगाळायला लावलं. एनपीएच हे दुधाळ इन्शुलिन त्याच घराण्यातलं. ग्लार्जिन या दीर्घ असराच्या इन्शुलिनची युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते. ते बाटलीत आम्लात, पीएच ४ ला, विरघळलेलं असतं. कातडीखालचा पीएच ७.४ लागला की त्याचे बारीक कण होऊन खाली बसतात आणि दिवसभर झिजत राहतात. म्हणूनच ग्लार्जिन दुसऱ्या इन्शुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये घ्यायचं नसतं, आम्ल-अल्कलीचा तो हिशेब सिरिंजमध्येच विसकटतो. डेग्लुडेकला मेदाम्लाची शेपटी जोडली आहे, त्यामुळे त्याच्या गटांच्या लांबच लांब माळा होतात आणि असर ४२ तासांच्याही पुढे जातो. त्याचा डोस रोज बदलण्यात अर्थ नसतो. आजच्या बदलाचं फळ पुरतं दिसायला तीन-चार दिवस लागतात.

इतकी सूक्ष्म कारागिरी करून बनवलेलं औषध प्रत्यक्षात वाया जातं ते मात्र अगदी साध्या ठिकाणी. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, यू-१०० म्हणजे १००. यू-४० ची सिरिंज लाल टोपणाची, यू-१०० ची केशरी. यू-४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. तीच सिरिंज यू-१०० च्या वायलमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत, घालून २० पर्यंत भरली तर आत ५० युनिट येतात, अडीच पट. उलट, यू-४० ची वायल आणि यू-१०० ची सिरिंज अशी जोडी जमली तर २० च्या रेघेला ८ च युनिट. पहिल्या चुकीत माणूस तासा-दोन तासांत घामाघूम होतो, म्हणून ती पकडली जाते. दुसरी महिनोन्‌महिने चालते आणि ‘इन्शुलिन लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढत राहतो. मग एके दिवशी कोणी योग्य सिरिंज हातात देतं आणि तो वाढवलेला डोस खरोखरच तेवढा बसतो. म्हणून डोस वाढवण्याआधी वायल आणि सिरिंज शेजारी ठेवून पाहावी, आणि त्याच बैठकीत पोटावरून बोट फिरवावं.

बोट फिरवायचं ते गाठींसाठी. एकाच जागी टोचत राहिलं की तिथली चरबी फुगून रबरासारखी होते. ती जागा बधिर झालेली असते, टोचताना दुखत नाही, म्हणून माणूस नेमका तिथेच टोचतो. गाठीतून इन्शुलिन कसं शोषलं जाईल, याचा नेम नसतो. आज १० युनिट टोचले तर ५ चाच असर, उद्या सगळा एकदम. नजरेला गाठ चुकते, हाताला सापडते. हात ओला किंवा तेलकट करून हळू सरकवला की जागा चटकन कळते. पुढची सुई आधीच्या जागेपासून निदान एक सेंटिमीटर लांब, आणि गाठीतून निरोगी जागेवर येताना डोस कमी करायचा. नाहीतर आतापर्यंत वाया जाणारं इन्शुलिन अचानक पुरतं पोचतं.

पेन वापरणाऱ्याने दर वेळी नवी सुई लावून २ युनिट हवेत सोडावेत आणि सुईच्या टोकाला थेंब आलेला पाहावा. बटण पूर्ण दाबल्यावर सुई लगेच न उपसता १० पर्यंत मोजावं, नाहीतर शेवटचा थेंब कातडीवर येतो. चार मिलिमीटरची सुई बहुतेक प्रौढांना काटकोनात पुरते. दुधाळ इन्शुलिन तळहातांत १० वेळा घोळवायचं आणि १० वेळा उलटसुलट करायचं, जोरजोरात हलवायचं नाही. नीट न मिसळलेल्या पेनमध्ये सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे दाट येतात. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा. उघडलेली वायल किंवा पेन घरातल्या तापमानाला साधारण २८ दिवस चालतं, नेमके दिवस पाकिटावर असतात. आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन फेकून द्यायचं. वितळल्यावर ते दिसायला तसंच दिसतं, म्हणून फसगत होते. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली वायल हा नेहमीचा अपघात.

दिलेलं परत घेता येत नाही, याचा सगळ्यांत रोजचा चटका बसतो तो डोसवर डोस चढवण्यात. जेवणाआधी शीघ्र इन्शुलिन घेतलं, दोन तासांनी साखर २४० दिसली, जीव घाबरला, आणखी ६ युनिट टोचले. पहिल्या डोसचं निम्म्याच्या आसपास काम अजून बाकी असतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला दोन्ही मिळून साखर ५० वर आणतात. उतरलेली साखर सावरायचा नियम सोपा आहे. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबणं, पुन्हा मोजणं, गरज पडल्यास पुन्हा १५ ग्रॅम. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातली चरबी साखरेला जठरात अडवून धरते. आणि अ‍ॅकार्बोज ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला साधी साखर देऊनही फारसा उपयोग होत नाही, कारण ती फोडणारं पाचकद्रव्यच त्या गोळीने रोखलेलं असतं. त्याला ग्लुकोजच हवं.

निरोगी शरीरात अशा वेळी ग्लुकागॉन धावून येतं. हे हॉर्मोन आधी ओळखलं गेलं ते इन्शुलिनच्या अर्कातली घाण म्हणून. टोचल्या टोचल्या साखर उतरायच्या ऐवजी थोडी चढायची. किंबल आणि मर्लिन यांनी १९२३ मध्ये त्याला नाव दिलं. टाइप १ मधुमेहात बीटा पेशी मरतात, अल्फा पेशी जिवंत राहतात, पण शेजार मोडल्यामुळे त्यांना इशारा कळेनासा होतो. निदानानंतर पाचेक वर्षांत साखर उतरल्यावर ग्लुकागॉन सोडण्याची सवय बहुतेकांत जाते. मग भिस्त उरते अ‍ॅड्रिनलिनवर, आणि वारंवार साखर उतरली की तेही सुस्तावतं. थरथर नाही, घाम नाही, थेट शुद्ध हरपते. यावर उतारा आहे. काही आठवडे साखर एकदाही खाली जाऊ दिली नाही, त्यासाठी लक्ष्य थोडं वर ठेवलं, तर इशारे बऱ्याच अंशी परत येतात.

शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. त्याच्यासाठी ग्लुकागॉनचं पाकीट असतं. प्रौढाला १ मिलिग्रॅम स्नायूत किंवा कातडीखाली, लहान मुलांना त्याच्या निम्मं. नाकात उडवायची भुकटी ३ मिलिग्रॅमची, आणि ती हुंगावी लागत नाही, बेशुद्धीतही चालते. जुन्या पाकिटात भुकटी वेगळी आणि पाणी वेगळं का, तर पाण्यात ग्लुकागॉनचे तंतू बनून ते जेलीसारखं होतं. म्हणून कालवलं की लगेच टोचायचं. माणसाला कुशीवर वळवायचं, कारण शुद्धीवर येताना उलटी होते. १० ते १५ मिनिटांत डोळे उघडले की खायला द्यायचं. यकृताचा साठा त्यात खर्च झालेला असतो, तो भरला नाही तर साखर पुन्हा उतरते. आणि साठाच नसेल, म्हणजे माणूस दिवसभर उपाशी असेल किंवा भरपूर दारू प्यालेला असेल, तर ग्लुकागॉनच्या हाताला काही लागत नाही. तिथे शिरेतून ग्लुकोज हाच मार्ग. रक्तदाब आणि हृदयविकारावरच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांच्या विषबाधेत हेच ग्लुकागॉन ५ ते १० मिलिग्रॅम शिरेतून देतात. हृदयाच्या पेशीवर त्याचं स्वतःचं वेगळं दार आहे, बंद केलेल्या दाराला वळसा घालून ते आत शिरतं. अडचण अशी की इतक्या डोसला पाच-दहा पाकिटं लागतात आणि साठा बघता बघता संपतो.

रुग्णालयात इन्शुलिन शिरेतून चालतं, तेव्हा ते निसर्गाच्या जरा जवळ येतं. बंद केलं की काही मिनिटांत ओसरतं. मग त्याचेही खेळ वेगळे. किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्शुलिनअभावी रक्तात किटोन नावाची आम्लं साचतात तेव्हा, दर तासाला दर किलोमागे ०.१ युनिट, पण आधी पोटॅशियम पाहायचं. ते ३.५ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, मग इन्शुलिन, कारण इन्शुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो. इन्शुलिन प्लॅस्टिकच्या नळीला चिकटतं, म्हणून सुरुवातीला २० मिलिलिटर द्रावण नळीतून वाहवून टाकायचं. हे न केल्यास सुरुवातीला रुग्णाला ठरल्यापेक्षा कमी मिळतं, आणि वेग वाढवल्यावर मग जास्त मिळतं. साखर २५० च्या आसपास आली की इन्शुलिन बंद करण्याचा मोह होतो. बंद करायचं नाही, ग्लुकोज जोडायचं, कारण लढाई आम्लाशी आहे आणि ते अजून उतरलेलं नसतं. आणि शिरेतलं थांबवण्याआधी एक-दोन तास दीर्घ असराचं इन्शुलिन कातडीखाली गेलेलं हवं, नाहीतर मधल्या फटीत किटोन परततात. पोटॅशियम ढकलण्याचा तोच गुण पोटॅशियम धोक्याचं वाढलेल्या रुग्णात कामी येतो. १० युनिट रेग्युलर, सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज. मूत्रपिंड निकामी असेल तर इन्शुलिन रेंगाळतं आणि ग्लुकोज आधी संपतं, म्हणून पुढचे चार ते सहा तास दर तासाला साखर मोजायची. ‘पोटॅशियम उतरलं’ म्हणून सगळे हुश्श करतात, त्याच वेळी साखर घसरत असते.

थांबवण्याचंच काम असलेलं हॉर्मोन म्हणजे सोमॅटोस्टॅटिन. ते इन्शुलिनही रोखतं आणि ग्लुकागॉनही. १४ अमिनो आम्लांचं हे हॉर्मोन रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. ऑक्ट्रिओटाइडमध्ये त्याचा कामाचा तुकडा ८ अमिनो आम्लांत बसवला आणि त्यातली दोन उलट्या घडणीची घातली, त्यामुळे पाचकद्रव्यांचे दात लागत नाहीत आणि ते सुमारे दीड तास टिकतं. अ‍ॅक्रोमेगॅली (हातपाय-जबडा वाढत जाण्याचा आजार), हॉर्मोन सोडणाऱ्या कार्सिनॉइड गाठींचे जुलाब, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचा रक्तस्राव, असा त्याचा संसार मोठा आहे. रक्तस्रावात ५० मायक्रोग्रॅम एकदम आणि मग तासाला ५० मायक्रोग्रॅम, दोन ते पाच दिवस. महिन्याचं इंजेक्शन देताना ते फ्रीजमधून काढून ३० ते ६० मिनिटं बाहेर ठेवावं लागतं, भुकटी पुरती भिजू द्यावी लागते, आणि कालवल्यावर गप्पा मारत बसलं तर कण खाली बसून सुई तुंबते. पित्ताशयही सुस्तावतं, त्यामुळे लांबच्या उपचारात पित्तखडे होतात. मला त्याचा सगळ्यांत चपखल वाटणारा उपयोग मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गोळ्यांच्या विषबाधेतला. या गोळ्या बीटा पेशीला थांबूच देत नाहीत. नुसतं ग्लुकोज दिलं तर त्यानेच आणखी इन्शुलिन सुटतं आणि साखर पुन्हा पडते. ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम कातडीखाली, गरजेप्रमाणे दर सहा तासांनी, थेट नळ आवळतं. शेवटच्या डोसनंतरही रुग्णाला निदान १२ ते २४ तास नजरेखाली ठेवायचं, कारण गोळी औषधापेक्षा जास्त टिकते.

अमिलिनचा किस्सा छोटा. मानवी अमिलिनचे तंतू बनून गोळा होतात, उंदराच्या अमिलिनचे होत नाहीत. उंदराकडून तीन जागची प्रोलिनं उसनी घेऊन प्रॅम्लिनटाइड बनलं आणि २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जठर सावकाश रिकामं होतं, ग्लुकागॉन दबतं. पण ते इन्शुलिनमध्ये मिसळता येत नाही, म्हणजे दर जेवणाला आणखी एक सुई, आणि सुरू करताना जेवणाचं इन्शुलिन निम्मं केलं नाही तर साखर आपटते. ते फारसं रुळलं नाही यात नवल नाही.

इन्शुलिन पंपात तर फक्त शीघ्र इन्शुलिन असतं, थेंबाथेंबाने जाणारं. नवे पंप सेन्सरचा आकडा वाचून साखर घसरताना धार बंदही करतात, आणि कातडीखाली आधीच गेलेलं तरीही आपलं काम करत राहतं. पण इथे एक उलटी बाजू आहे. कातडीखालच्या ज्या साठ्याला इथवर नावं ठेवली, तोच टाइप १ च्या माणसाला रात्रभर तारून नेत असतो. पंपवाल्याकडे तो साठा नसतो. बारीक नळी दुमडली किंवा निसटली, तर चार-सहा तासांत किटोन वाढायला लागतात. म्हणून पंपावर कारण नसताना साखर २५० च्या वर दिसली, तर आधी किटोन मोजायचे. वाढलेले असतील तर सुधारणेचा डोस पंपातून न देता पेनने किंवा सिरिंजने द्यायचा, कारण पंपाची वाटच बंद असण्याची शक्यता जास्त. मग नळी नव्या जागी बसवायची, जुनी काढून तिचं टोक दुमडलंय का ते पाहायचं, पाणी पीत राहायचं आणि तासा-दोन तासांनी किटोन पुन्हा मोजायचे. रक्तातले किटोन ३ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेले किंवा उलट्या थांबेनात, तर पंपाशी खटपट करत न बसता थेट रुग्णालय गाठायचं.